धातूविना वलय

कोलकाता, ६ नोव्हेंबर २०२५

मंजुषाताई,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. जुलैत आपल्या लॅबमध्ये अपर्णा सेनगुप्त नावाची नवी मुलगी पीएचडीसाठी आली. कुंडू सरांनी तिला तुझी अभिक्रिया करायला दिली. धातूविना वलयीकरण.

२. पहिल्याच वेळी तिला एक्क्याऐंशी टक्के उत्पादन मिळालं. सरांनी मिठाई मागवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हात आछे मेयेटार." मुलीला हात आहे. याआधी हे ते फक्त तुझ्याबद्दल म्हणाले होते.

३. त्यानंतर तिने तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला. वलय एकदाही बंद झालं नाही. घातलेला पदार्थ जसाच्या तसा परत मिळाला.

४. परवाच्या ग्रुप मीटिंगमध्ये सरांनी तिला विचारलं, पहिल्या वेळी एनएमआरने तपासलेला पदार्थ तू बनवलेला होता, की फ्रीजमधल्या मंजुषाच्या जुन्या बाटलीतला? ती काही बोलली नाही. सरांनी त्याचा अर्थ कबुली असा घेतला. तीन डिसेंबरला समिती बसणार आहे. तिची नोंदणी ठेवायची की रद्द करायची, ते तिथे ठरेल.

५. मीटिंगनंतर अपर्णा माझ्याकडे आली. पहिल्या वेळी तिच्या सगळ्या ढवळायच्या कांड्या धुवायला पडल्या होत्या, मी आईबाबांकडे नागपूरला गेले होते, म्हणून तिने माझ्या ड्रॉवरमधून एक घेतली होती. काम झाल्यावर धुऊन परत ठेवली. तिला त्याचीच माफी मागायची होती. दुसऱ्याची कांडी न विचारता घ्यायची नाही, हा लॅबचा नियम अजून तसाच आहे. मीटिंगमध्ये तिने तोंड उघडलं नाही त्याचं हेही एक कारण.

६. ती कांडी तुझी होती.

७. काल मी स्वतः दोन फ्लास्क शेजारी शेजारी लावले. पदार्थ, द्रावक, तापमान, वेळ, सगळं एक. एकात तुझी कांडी, दुसऱ्यात नवी. तुझ्या कांडीच्या फ्लास्कमध्ये वलय बंद झालं. दुसऱ्यात काहीही झालं नाही.

घडलं ते एवढंच.

बाकी लॅब आधी तिला मॅग्नेट म्हणायची. टेफ्लॉनच्या कवचातलं बोटाच्या पेराएवढं चुंबक, फ्लास्कच्या तळाशी फिरतं आणि मिश्रण ढवळतं. 'कांडी' हा शब्द तू काढलास, मी उचलला, आणि आता इथले बंगालीही तोच वापरतात. ढवळण्यापलीकडे तिने काही करायचं नसतं. तुझी कांडी करते आहे. तिच्या एका टोकाला राखाडी-काळा डाग आहे, घासून जात नाही.

माझा प्रश्न तांत्रिक आहे. वलयीकरणाचं काम सुरू करण्याआधी तू ती कांडी कोणत्या अभिक्रियांसाठी वापरत होतीस? त्यात पॅलेडियम धातू होता का?

जर्मनीला जाताना तू मला तो स्टीलचा डबा दिला होतास, कांडी, स्पॅट्युला आणि चिमटा घालून. त्यातलं मी काहीच वापरलं नाही. कारण तुला माहीत आहे. वापरलं असतं तर तुझी अभिक्रिया मलाही जमली असती, आणि हे कधीच कुणाला कळलं नसतं. कालपासून मी याचा विचार करते आहे.

उत्तर दोन ओळींचं असलं तरी चालेल.

आभा


कोलकाता, ९ नोव्हेंबर २०२५

मंजुषाताई,

तुझं उत्तर नाही. मेल उघडली गेल्याचं दिसतं आहे.

तोवर मी पुढचा प्रयोग केला. नवी कांडी, नवा फ्लास्क, आणि पॅलेडियमच्या क्षाराचा अगदी कण. इतका कमी की आपल्या काट्यावर वजन होईना, म्हणून द्रावण करून त्यातला थेंब घातला. वलय बंद झालं. म्हणजे प्रश्नाचं अर्धं उत्तर मला मिळालं आहे.

पहिल्या वर्षी तू मला ही अभिक्रिया फळ्यावर समजावली होतीस. रेणूच्या एका टोकाला नायट्रोजन बसलाय. शेजारी कार्बनची ताठ शेपटी. शेपटी वाकून नायट्रोजनला चिकटली की पाच अणूंचं वलय तयार होतं आणि मग ते सहजी सुटत नाही. "सगळी अडचण शेपटी वाकवण्याची," तू म्हणाली होतीस. "लोक त्यासाठी महागडा धातू घालतात. आपण नुसत्या साध्या अल्कलीवर वाकवतो." पेपरचं महत्त्व तेवढंच होतं. शीर्षकातला पहिलाच शब्द, धातूविना.

शेपटी धातूच वाकवत होता. तो कांडीवर होता.

काल मी सरांना दोन्ही निकाल दाखवले. त्यांनी कांडीची बाटली खिडकीकडे धरून पाहिली.

"नोंगरा," म्हणाले. घाण आहे. "अम्लराजात टाक. धुऊन निघेल."

"मग पुरावा जाईल, सर."

"पुरावा? तू केमिस्ट आहेस की लालबाजारची पोलीस?"

त्यांनी चष्मा काढला. मग मऊ आवाजात म्हणाले, "आभा, मंजुषाचा डिसेंबरात हावड्याच्या नोकरीसाठी इंटरव्ह्यू आहे. शिफारसपत्र मी लिहिलंय. त्याची पहिली ओळ या पेपरवर आहे."

"आणि अपर्णा?"

"ती नवी आहे. दुसरीकडे लागेल."

"चोरीचा शिक्का घेऊन?"

"पेपरवर पहिलं नाव मंजुषाचं," ते म्हणाले. "ती म्हणाली दुरुस्ती पाठवू या, तर उद्या पाठवतो. ती म्हणत नाही तोवर मी माझ्या विद्यार्थिनीवर शिंतोडे उडवणार नाही."

"अपर्णाही तुमचीच विद्यार्थिनी आहे, सर."

त्यांनी मला जाताना दार लावून घ्यायला सांगितलं. समिती होईपर्यंत हे कुणाकडे बोलायचं नाही, असंही सांगितलं.

तेव्हा ही गोष्ट आता तुझ्या शब्दावर अडली आहे.

आणखी एक. मागच्या पत्रात 'कारण तुला माहीत आहे' असं लिहिलं. ते अर्धवट आहे, आणि अर्धवट नोंद मला आवडत नाही. तुझ्या शेवटच्या महिन्यात सरांनी मीटिंगमध्ये विचारलं की मंजुषाची अभिक्रिया आभाला का जमत नाही. तू इंग्रजीत म्हणालीस, "तिला हात नाही." लॅबमध्ये आपण दोघीच मराठी. माझी प्रत्येक चूक तू मला मराठीत सांगायचीस, अगदी सगळ्यांसमोर, पण मराठीत. "अगं बावळट, कॉलम कोरडा पडला," असं इतकं हसत म्हणायचीस की बाकीच्यांना वाटायचं आपण जेवणाबद्दल बोलतोय. त्या दिवशी मात्र सगळ्यांना कळेल अशी भाषा तू निवडलीस. त्यानंतर दोन वर्षं मी या लॅबमध्ये हात नसलेली मुलगी आहे. माझ्या प्रबंधातून ते प्रकरण काढावं लागलं.

त्याबद्दल मला काही नको आहे. अपर्णाला आता तेच ऐकावं लागणार आहे, आणि त्याच्या जोडीला चोरीही. म्हणून लिहिलं.

आभा


कोलकाता, १६ नोव्हेंबर २०२५

मंजुषाताई,

आज मी डमडमला तुझ्या घरी गेले होते. तुला ते माहीतच आहे, तू मला पाहिलंस.

का गेले, हे सांगता येणं अवघड आहे. तुझ्या उत्तराची वाट पाहण्याऐवजी काहीतरी करायचं होतं, असं समज. तुझ्या आईकडून काही काढून घ्यायला गेले नव्हते. पुढचं वाचशील तेव्हा तुला तसं वाटेल, म्हणून आधीच लिहिते.

काकूंनी दार उघडलं आणि पहिलं वाक्य, "आलीस? मला वाटलं लग्न-बिग्न करून गेलीस की काय. बस. पाणी खाशील?"

काकूंकडे पाणी अजून बंगालीसारखं खायचंच असतं. जन्म इथलाच, त्याला त्या तरी काय करणार.

"काम होतं, काकू."

"कामं मेली तुमची! एक जर्मनीत काम करते, एक इथे. आमटी समोर ठेवली तर दोघींना खाता येते. करायला सांगा, की झालं."

गुडघा वाईट आहे. जिना उतरायचा म्हणजे कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत. तुला फोनवर त्या 'बरा आहे' म्हणतात, ते बरोबर नाही. तुझी खोली रंगवून घेतली आहे, फिका हिरवा. पडद्यांचं कापड आणलंय. तुझी नोकरी त्यांच्या लेखी झालेलीच आहे.

"हावड्याला असली तरी काय झालं," मला म्हणाल्या. "इथून मेट्रो, एस्प्लनेडला बदलायची, की नदीखालून थेट हावडा. ह्यांच्या वेळी ब्रिजवर बसमध्ये तास तास उभं राहायचो. मंजू बघ कशी नदीखालून जाईल रोज, महाराणीसारखी."

मग त्यांनी तुला व्हिडिओ कॉल लावला. मी नको म्हणेपर्यंत तू स्क्रीनवर होतीस. "बघ कोण आलंय!" त्या म्हणाल्या. तू माझ्याकडे पाहिलंस, 'अरे वा' म्हणालीस आणि मग, "आई, मी ट्राममध्ये आहे गं, आवाज तुटतोय, नंतर करते." तुझ्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं, ताई.

फोन ठेवल्यावर काकूंनी विचारलं, "ती कांडी नीट ठेवलीयस ना गं? मंजूची?"

मी विचारलं, तुम्हाला कशी माहीत?

"मला नाही माहीत? दरवर्षी खंडेनवमीला पूजेत असायची. ह्यांची ती मोजायची कॅलिपर, माझी कात्री, आणि मंजूची कांडी. छोट्या बाटलीतून आणायची. एका वर्षी मी म्हटलं, अगं, ही काळी पडलीय, पूजेला तरी नवी आण. तर म्हणाली, आई, नवी नाही चालत. मी नवी घालून पाहिलीय. काळी पडल्यापासूनच ही काम करते." काकू हसायला लागल्या. "मी म्हटलं, बाई बाई, म्हणजे शनीची कृपा!"

मीही हसले. त्यांनी फुलं कशी वाहिली, ओलं कुंकू लावायला तू कसं दिलं नाहीस, हे सगळं सांगितलं. मी भात जेवले, ताट घासलं, निघाले. त्यांना काही सांगितलं नाही.

स्टेशनपर्यंत चालताना मी ते वाक्य मनात उलटसुलट करून पाहिलं. त्याचा दुसरा अर्थ निघतो का ते पाहत होते. काळी पडल्यापासूनच ही काम करते. मी नवी घालून पाहिलीय.

तू तुलना केली होतीस. अर्थातच केली होतीस, तूच मला शिकवलंस की एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. आणि निकाल हातात असताना तू शीर्षकात तो शब्द लिहिलास.

की तोवर पेपर छापून झाला होता? ते वर्ष कोणतं होतं, हे काकूंना आठवत नाही. मी खोदून विचारलं नाही. ते तू सांगायचं आहे.

आभा


कोलकाता, २० नोव्हेंबर २०२५

मंजुषा,

तुझं उत्तर मिळालं. दोन वाक्यं. 'आईला काय सांगितलंस? आणि ती कांडी प्लीज धुऊन टाक.'

पहिल्याचं उत्तर: काही नाही.

दुसऱ्याचं उत्तर: नाही.

सर 'टाक' म्हणाले, तू 'प्लीज' म्हणालीस. एवढाच फरक आहे. कांडी धुतली तर अपर्णाचं एक्क्याऐंशी टक्के कायमचं खोटं ठरेल, हे तुम्हा दोघांनाही कळतं. आणि माझ्या पहिल्या पत्रातल्या प्रश्नाला, पॅलेडियमच्या, तू हात लावला नाहीस. 'असं काही नाही' एवढं तरी लिहिता आलं असतं. तू ते लिहिलं नाहीस, याची मी नोंद घेतली आहे. मला वाटतं, ते तुझ्या बाजूने आहे.

सरांनी सांगितलेलं मी आज मोडलं. अपर्णाला सगळं सांगितलं.

ती वजनकाट्याच्या खोलीत होती. आपलं काचेचं सामान वर्तमानपत्रात गुंडाळत होती. समितीची वाट न पाहता वर्धमानला घरी जायचं तिने ठरवलं होतं. वडिलांना सांगितलंय की इथली हवा मानवत नाही.

मी दोन्ही फ्लास्कचे निकाल तिच्यापुढे ठेवले. तिने ते वाचले, पुन्हा वाचले, आणि जमिनीवरच बसली.

"आमि कोरिनि, दीदी," म्हणाली. मी काही केलं नव्हतं.

"नाही केलंस."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"दोन आठवडे."

"दोन आठवडे," ती म्हणाली. मी तुझ्या उत्तराची वाट पाहत होते, आणि ती तेवढे दिवस या खोलीत एकटी जेवत होती. ही माझी चूक आहे, आजची, आणि मी ती तुझ्या खात्यावर टाकत नाही.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "म्हणजे मला हात नाही?"

"हाताचा प्रश्नच नव्हता. तुला कांडी मिळाली होती."

ती हसायला लागली. डोळे पुसत पुसत हसत होती. "सरांनी मिठाई कांडीला भरवायला हवी होती!" मग एकदम थांबली. "आणि मंजुषादी? त्यांना पण कांडीच मिळाली होती?"

मी तिला म्हटलं, सामान परत लाव.

तू असतीस तर तिला काय सांगितलं असतंस? मी खरंच विचारते आहे. तीन वर्षं मी तुझ्या शेजारच्या टेबलावर उभी होते. कॉलममधून पदार्थ उतरताना तू नळीकडे न बघता थेंबांच्या आवाजावरून ओळखायचीस. जळणारा फ्लास्क उघड्या हाताने उचलून वाळूत ठेवलास तेव्हा मी तिथे होते. तो हात खोटा नव्हता. पण त्या हाताबद्दल पेपरमध्ये एक ओळही नाही. आहे तो कांडीवरचा डाग.

आणि हे तुला माझ्याइतकंच कळत असणार, म्हणून एकदाच लिहिते. एवढ्याशा पॅलेडियमवर हे वलय बंद होतं, ही गोष्ट धातूविना होण्यापेक्षा लहान नाही. लोक त्याच्या शेकडो पट घालतात. तू तेव्हा खरं लिहिलं असतंस तरी तो चांगलाच पेपर झाला असता.

आभा


कोलकाता, २५ नोव्हेंबर २०२५

ताई,

तुझी कालची मेल लांब होती. मी ती दोनदा वाचली.

तू लिहितेस की पेपर पाठवला तेव्हा तुला माहीत नव्हतं. शंका आली ती नंतर, छापून आल्यावर, हैदराबादच्या एका गटाने 'आमच्याकडे जमत नाही' असं कळवलं तेव्हा. तू नवी कांडी घालून पाहिलीस, वलय बंद झालं नाही, आणि सरांकडे गेलीस. सर म्हणाले, नव्या कांडीने नीट ढवळलं जात नसेल, हैदराबादला लिही की सराव लागतो. तू तसं लिहिलंस. मग कांडी कुणाला हात लावू दिली नाहीस. आणि पुढे मला ती अभिक्रिया जमेना, सरांनी सगळ्यांसमोर कारण विचारलं, तेव्हा तुझ्याकडे दोनच उत्तरं होती. एक खरं होतं. दुसरं इंग्रजीत होतं.

मी यावर विश्वास ठेवते. का, ते सांगते. कांडी तू फेकली नाहीस. धुतली नाहीस. सोबत नेली नाहीस. ती डब्यात घालून ज्या माणसाला अभिक्रिया जमत नव्हती त्याच्याच हातात दिलीस. मला वाटलं होतं, अपमान करून वर आहेर केला. आज वाटतं, तू मला ते सांगत होतीस, फक्त तोंडाने नाही. मी रागाने डबा उघडला नाही.

तुझा अंदाज चुकला तो इथे. मी उघडीन आणि वापरीन असं तू धरलंस. मग मला हात आला असता आणि प्रश्न मिटला असता. तसं झालं नाही.

तू विचारतेस, "तीन आठवडे थांबता येणार नाही का? पंधरा डिसेंबरला इंटरव्ह्यू होऊ दे, मग मी स्वतः लिहीन." समिती तीन तारखेला आहे. पंधरा तारखेला अपर्णा वर्धमानला असेल, आणि तू लिहिलेलं वाचायला समितीत कुणी उरणार नाही. तेव्हा नाही, थांबता येणार नाही. हे लिहायला मला सोपं जात नाही, इतकंच लिहिते.

आता मी काय करणार आहे ते.

दुरुस्तीचा मसुदा सोबत जोडला आहे. अर्धं पान आहे. त्यात लिहिलंय की मूळ प्रयोगांत वापरलेल्या चुंबकावर पॅलेडियमचा अंश आढळला, वलयीकरण त्यामुळे होतं, स्वच्छ चुंबकाने होत नाही, आणि पॅलेडियम मुद्दाम घातलं की पुन्हा होतं. अपर्णाचा पहिला निकाल त्यात तिच्या नावाने आहे. तुझं नाव पहिलं आहे. खंडेनवमी त्यात नाही. हैदराबादला गेलेलं पत्र त्यात नाही. ते लिहायचं की नाही, हे मी ठरवणार नाही.

तू हो म्हणालीस तर सर पाठवतील. त्यांनी तसा शब्द दिला आहे आणि मी त्यांना तो पुन्हा विचारून घेतला. या वेळी दार त्यांनी स्वतः उठून लावलं. मग विचारलं, "ती मला काय म्हणते?" मी म्हटलं, तुम्ही सांगितलं तसं तिने केलं, असं म्हणते.

तू उत्तर दिलं नाहीस, तरी तीन तारखेला मी समितीसमोर कांडी घेऊन जाणार आहे. दोन फ्लास्क तिथेच लावीन. अपर्णा सुटेल. पण मग तो मजकूर माझा असेल, तुझा नाही. तू लिहिलंस तर ती दुरुस्ती होईल. मी लिहिलं तर ती तक्रार होईल. इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना या दोन शब्दांतला फरक कळतो. पहिल्यानंतरही नोकरी मिळेल, असं वचन मी देऊ शकत नाही. दुसऱ्यानंतर मिळणार नाही, हे जवळजवळ नक्की आहे.

काकूंचा काल फोन आला होता. पडदे शिवून आलेत, स्टुलावर चढवत नाही, रविवारी येऊन लावून देशील का म्हणाल्या. मी हो म्हटलं. तुझ्या खोलीत उभी राहून मी ते पडदे लावीन आणि त्या खालून स्टूल धरून तुझ्याबद्दल बोलत राहतील. मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्या चतुर आहेत, माझ्या तोंडाकडे पाहून विचारतील, आणि मी त्यांच्याशी खोटं बोलणार नाही. ते त्यांनी तुझ्याकडून ऐकावं.

कांडी बाटलीत आहे, डागासकट. स्टीलचा डबा आता माझ्या टेबलावर असतो. चिमटा वापरायला लागले आहे. चांगला आहे.

मसुदा वाच, हवा तो शब्द बदल, आणि शनिवार, २९ नोव्हेंबरपर्यंत मला उत्तर पाठव.

आभा